बेल्टलाइनला पैसे दिले कुणी?

अटलांटात नवीन आलोय, बाबांना घेऊन रोज बेल्टलाइनच्या (शहराभोवतीचा चालण्या-सायकलचा मार्ग) वेस्टसाइड ट्रेलवर चालायला जातो, १४ फूट रुंद काँक्रीट बघून ते दरवेळी विचारतात, अरे एवढा खर्च केला कुणी? कुणाला माहितीये का?

– बराचसा केंद्राच्या ग्रँटचा. २०१३ मध्ये टायगर नावाच्या वाहतूक ग्रँटचे १.८ कोटी डॉलर मिळाले, मग हा ३ मैलांचा पट्टा २०१७ला खुला झाला. खासगी देणग्याही आहेत. बाबांना सांगा, ही जुनी रेल्वेलाइन होती!

– नुसत्या ग्रँटवर नाही चालत हां. २००५ पासून आसपासच्या जागांचा जो प्रॉपर्टी टॅक्स वाढतो त्यातला वाटा बेल्टलाइनलाच जातो, पण त्या वाढीत भाडी पण चढतात आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांना घर सोडावं लागतं, याचं खरंच वाईट वाटतं. स्वस्त घरांसाठीही तेवढाच पैसा हवा.

– थँक्यू, आज बाबांना सांगतो.