प्रति: गोव्याच्या २०१७-२२ च्या विधानसभेतले बदल

वर म्हटलंय की त्या टर्ममध्ये मुख्य बदल मुख्यमंत्री पर्रीकर आणि भाजपचे आमदार फ्रान्सिस डिसोझा यांच्या निधनामुळे झाले, पण खरा बदल राजीनामे नि पक्षांतरांनी झाला हो. २०१७ ला काँग्रेसचे १७, भाजपचे १३, आणि लगेच काँग्रेसच्या विश्वजीत राणेंनी आमदारकीचा राजीनामा देऊन वाळपईतून भाजपतर्फे पोटनिवडणूक जिंकली, पुढे २०१८ मध्ये काँग्रेसचेच आमदार शिरोडकर, सोपटे त्याच वाटेने गेले. पणजीचं तर बघा, पर्रीकरांची जागा भाजपने २५ वर्षांनी गमावली, मे २०१९ मध्ये बाबूश मोन्सेरात काँग्रेसकडून निवडून आले आणि जुलैत भाजपमध्ये! लोकांनी मत दिलं ते कशाला मग? १० जुलैला काँग्रेसचे विरोधी पक्षनेते कवळेकर यांच्यासकट दहा आमदार भाजपमध्ये गेले, तेव्हा काँग्रेसचे १५ होते, म्हणजे बरोब्बर दोन तृतीयांश. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात (पक्षांतरबंदी कायदा) दुसऱ्या पक्षात विलीनीकरणाला किमान हाच आकडा लागतो, एक जरी कमी पडला असता तर अपात्रतेची टांगती तलवार होती. भाजप १७ वरून २७ वर. या दहाजणांविरुद्धच्या अपात्रतेच्या याचिका सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या, तोवर टर्म संपायला वर्षही उरलं नव्हतं, हे मला सगळ्यात जास्त खटकतं. सभापतींना निकालासाठी कायद्यातच मुदत घालून द्यायला हवी.