जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे, बर्फ पडायच्या आत काय काय करावं?

कोलंबसकर:

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. गेल्या आठवड्यात एका निवृत्त जोडप्याकडून २०१६ सालचा २२ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेतला. एक स्लाइड-आउट (मुक्कामी बाहेर सरकवता येणारा खोलीचा भाग), पुढे दोन प्रोपेन सिलिंडर, मागच्या बाजूला बाथरूम. मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून येणार आहेत. त्यांना ओहायोतल्याच हॉकिंग हिल्सला आणि जमलंच तर केंटकीतल्या मॅमथ केव्हला न्यायचं मनात आहे. बाबांना वाटेत मध्येमध्ये आडवं व्हावं लागतं आणि आईला बाहेरचं खाणं सोसत नाही, म्हणून हॉटेलांपेक्षा हे बरं वाटलं.

आता ऑक्टोबर लागला. आमच्या वसाहतीत ट्रेलर दारात उभा करायला मनाई आहे, त्यामुळे तो गावाबाहेरच्या स्टोरेज लॉटवर उघड्यावर राहील. तिथे वीज नाही. दुकानातून देखभालीची भलीमोठी यादी मिळाली, पण त्यातलं कोणतं काम आत्ताच करायला हवं आणि कोणतं एप्रिलपर्यंत थांबेल ते समजत नाही. हातात पाना धरायची सवय आहे, ट्रेलरची मात्र काहीच माहिती नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

मिनेसोटाकर:

अभिनंदन! आई-बाबांसाठी घेतलात हे वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे बरीच वर्षं ट्रेलर आहे आणि त्याची सगळी कामं मी स्वतः करते, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

आधी छत. बाकी सगळं नंतर. बहुतेक ट्रेलरच्या छतावर पातळ प्लायवुड आणि त्यावर ईपीडीएम (एक प्रकारचं रबर) किंवा टीपीओ (प्लास्टिकसारखं) याची एक सलग चादर असते. चादर टिकते. गळतं ते भोकांपाशी: पंख्याची झाकणं, बाथरूमवरचा स्कायलाइट, अँटेना, एसी, आणि छत जिथे पुढच्या-मागच्या भिंतीला मिळतं ती कड. तिथलं सीलंट (फटी बुजवणारा लेप) उन्हाने तडकतं. भेगेत पाणी शिरतं, थंडीत गोठून फुगतं, भेग रुंदावते, आणि वसंतात बर्फ वितळलं की सरळ प्लायवुडमध्ये मुरतं. आत डाग दिसेपर्यंत लाकूड कुजलेलं असतं. या यंत्रात दुरुस्त न होण्यासारखं फार थोडं आहे, पण कुजलेला सांगाडा बदलायचा खर्च कित्येकदा ट्रेलरच्या किमतीवर जातो.

तेव्हा या शनिवारी शिडी लावा. कोरडा दिवस, तापमान निदान ५० फॅरनहाइट. छतावर चालता येतं की नाही हे मॅन्युअलमध्ये बघा. शंका असेल तर शिडीवरूनच काम करा. सौम्य साबणाने सांधे धुवा. छत ईपीडीएमचं असेल तर पेट्रोलियम असलेला कुठलाही क्लीनर त्याला लावू नका, रबर फुगतं. सपाट जागी आपोआप पसरणारं लॅप सीलंट (डायकोरचं सगळीकडे मिळतं), उभ्या कडांना न ओघळणारं. घरातलं सिलिकॉन मात्र अजिबात नको. ते एकदा लागलं की त्यावर पुढे दुसरं काही धड चिकटत नाही. मग आत जाऊन कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खाली आणि स्लाइडच्या दोन्ही टोकांशी जमीन अंगठ्याने दाबून बघा. कुठे दबलं तर इथे लिहा.

दुसरं, नळ. पहिली कडक थंडी पडायच्या आत पाणी काढायलाच हवं. वॉटर हीटरची वीज आणि गॅस दोन्ही बंद करा, पाणी पूर्ण गार होऊ द्या, वरचा व्हॉल्व्ह उघडून दाब सोडा आणि मगच खालचा प्लग काढा. गरम असताना काढलात तर उकळतं पाणी अंगावर येईल. हीटर सबर्बन कंपनीचा असेल तर प्लगसोबत एक लांब दांडी बाहेर येईल. तो अॅनोड. टाकीऐवजी तो गंजत राहतो. तीन चतुर्थांश खाल्ला गेला असेल तर नवा घाला. अॅटवुडची टाकी अॅल्युमिनियमची असते, तिला तो लागत नाही. मग हीटर बायपास करा (म्हणजे त्याला वगळून नळ जोडा) आणि गुलाबी आरव्ही अँटिफ्रीझ (अशा राहत्या गाड्यांसाठीचं न गोठणारं द्रव) पंपाने नळांत ओढा. गाडीचं अँटिफ्रीझ विषारी असतं, पिण्याच्या पाण्याच्या नळांत त्याचा थेंबही नको. प्रत्येक नळ, गार आणि गरम दोन्ही, गुलाबी येईपर्यंत उघडायचा. टॉयलेटचा फ्लशही. आणि बाहेरचा शॉवर! तो लोक हमखास विसरतात आणि एप्रिलमध्ये नेमका तोच फुटलेला निघतो. शेवटी मोऱ्यांमध्ये थोडं थोडं ओता. २-३ गॅलन पुरतं.

लॉटवर वीज नाही म्हणता, तर बॅटरी काढून घरी आणा. गॅसचा अलार्म दिवसरात्र थोडी थोडी वीज खात असतो. भरलेली बॅटरी ओहायोच्या थंडीत गोठत नाही, रिकामी झालेली गोठते आणि तडकते. १२.६ व्होल्टच्या आसपास ठेवा, साधी लेड-अॅसिड असेल तर डिस्टिल्ड वॉटर बघा. प्रोपेन सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद. पाइप-वायर जिथून आत जातात तिथे स्टील वूल कोंबा, उंदरांना गादीतला फोम फार आवडतो.

वाईकर_टेक्सास:

ताईंनी छताचं सांगितलं ते लाख मोलाचं. मी चाकांपुरतं लिहितो, हे एप्रिलमध्ये चालेल. टायरचे खाचे खोल दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने जातात. बाजूला डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याचा) क्रमांक असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३५१६ असेल तर २०१६ चा ३५वा आठवडा. तुमचे मूळचेच टायर असतील तर काहीही विचार न करता बदला. टायर फुटला की नुसता टायर जात नाही, त्याच्या फटक्याने वरची जमीन आणि गॅसची नळीही फाटू शकते. हवा थंड टायरमध्ये भरायची. चाक लावल्यावर पहिल्या १०, २५ आणि ५० मैलांवर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. बेअरिंगचं ग्रीस कधी भरलं होतं ते विकणाऱ्यांना विचारा. सांगता आलं नाही तर भरून घ्या.

आणि एक. ट्रेलरचं ३० अँपियरचं सॉकेट १२० व्होल्टचं असतं. घरी बसवून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला हे आधी बजावून सांगा. ड्रायरसारखं समजून २४० जोडलं तर आतलं सगळं क्षणात जळतं.

कोलंबसकर:

ताई, वाईकर, मनापासून आभार. टायर मूळचेच निघाले, बदलतो. छताचं सीलंट दोन ठिकाणी तडकलेलं होतं, ते केलं. पण मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या कपाटात तळहाताएवढी जागा किंचित दबते. डाग नाही, वास नाही. घाबरावं का?

आणखी एक विचारतो. आई-बाबांना टॉयलेटमध्ये पाणीच लागतं. टाकीला चालेल ना? आणि आईची फोडणी आतल्या शेगडीवर?

मिनेसोटाकर:

घाबरू नका, पण हे काम पुढे ढकलूही नका. पाणी जिथे दिसतं तिथूनच शिरलेलं असतं असं नाही, ते लाकडावरून वाहत येतं. त्या कोपऱ्याच्या वरची कड, उभी पट्टी आणि मागचा छोटा दिवा बघा. पट्टीखालची ब्युटाइल टेप (सांधा बंद करणारी मऊ चिकट पट्टी) सुकून आकसलेली सापडण्याची शक्यता आहे. पट्टी काढून नवी टेप, नवे स्क्रू, वरून सीलंट. ओलावा मोजायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते घ्या, आजचा आकडा लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी परत मोजा. आकडा उतरला तर वसंतात आतलं पॅनेल उघडून लाकूड बघता येईल. चढला तर हिवाळ्याआधीच उघडा. वरून निळी ताडपत्री मात्र बांधू नका, ओल आत कोंडते आणि वाऱ्याने छत घासलं जातं. हवा जाणारं कव्हर मिळतं, ते घाला.

पाणी चालेल का? अहो, ब्लॅक टँकला (टॉयलेटच्या टाकीला) तर पाणीच हवं असतं! टाकी बिघडते ती कमी पाण्याने, तळाशी मैला सुकून ढीग होतो. रिकामी केल्यावर लगेच थोडं पाणी आत सोडा आणि कॅम्पग्राउंडला सांडपाण्याचं कनेक्शन असलं तरी तिचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा. दोन तृतीयांश भरली की सोडायची, आधी ब्लॅक, मग ग्रे (सिंक-शॉवरच्या पाण्याची टाकी), म्हणजे नळी साबणाच्या पाण्याने धुऊन निघते. टाकी नेहमीपेक्षा लवकर भरेल, एवढंच.

फोडणी खुशाल करू द्या. शेगडीवरच्या पंख्याचं झाकण बहुतेक ट्रेलरना बाहेरून खटक्याने बंद असतं, ते उघडा, छताची खिडकीही उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजत राहील. उरलेलं तेल सिंकमध्ये नको, ग्रे टँकला वास धरतो. आणि गॅसचा अलार्म भिंतीवरून काढून मागची तारीख बघा. हे अलार्म ५ ते ७ वर्षांत बाद होतात, तेव्हा २०१६ चा असेल तर बदलायलाच हवा. कार्बन मोनॉक्साइडचाही बघा. आई-बाबा आत झोपणार आहेत, हे काम एप्रिलवर टाकू नका.