मदत हवी आहे: पिकअपची चेसिस वाकली, नागपुरात मोजून सरळ करणारं गॅरेज सुचवा

कामठी रोडवर पिकअपला समोरून डाव्या कोपऱ्यावर धडक बसली आहे. बंपर, रेडिएटर, हेडलाइट बदलता येतील, खरी काळजी चेसिसची, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याची आहे.

सपाट फरशीवर गाडी उभी करून चेसिसच्या ठरावीक भोकांतून ओळंबा सोडला, खाली खुणा केल्या आणि तिरके माप घेतले. दोन कर्णांत ११ मिमीचा फरक येतो. डावा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) उजव्यापेक्षा ८ मिमी कमी आहे. मागच्या पाट्यांचा (लीफ स्प्रिंगचा) सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकला असता तरी व्हीलबेस चुकला असता, पण बोल्ट शाबूत आहे, पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्टही घट्ट आहेत. शिवाय कर्ण चेसिसवरच मोजले आहेत, म्हणजे चेसिसची डावी लांब पट्टी मागे ढकलली गेली असावी. पुढच्या क्रॉस मेंबरच्या (दोन पट्ट्या जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) वेल्डपाशी रंगाला केसासारख्या चिरा आहेत, पट्टीच्या आतल्या बाजूला किंचित सुरकुती दिसते. केबिन आणि हौद्यामधली फटही डावीकडे कमी झाली आहे.

एक गॅरेज गॅसने तापवून जॅकने ओढू म्हणतंय. ते पटत नाही. पट्टी लाल होईपर्यंत तापवली तर पोलाद नरम पडतं आणि माल भरल्यावर तिथेच पुन्हा वाकतं.

वाडी किंवा हिंगणा भागात बेंचवर (चेसिस पक्की धरणाऱ्या चौकटीवर) साखळीने थंड ओढून, प्रत्येक ओढीनंतर माप घेणारं कोणी आहे का? सुरकुती असलेली पट्टी सरळ करावी, की तो तुकडा बदलावा? आणि विम्याच्या सर्व्हेअरला हौदा उतरवण्याआधी बोलवायचं की उतरवल्यावर?