नवीन वर्षात आळस सोडायचा संकल्प: करावा की करू नये?

धागालेखक:
सलग चौथ्या वर्षी माझा संकल्प एकच आहे, आळस सोडायचा. या वेळी तो खरंच पाळायचाय, म्हणून इथे मांडतोय. वडिलांनी आयुष्यभर लिहिलेल्या अकरा वह्या माझ्या कपाटात आहेत. त्या टाइप करून ठेवायच्या, असं तीन वर्षं ठरवत आलो आणि चार पानं झाली. पाचव्या पानावर एक शब्द लागेना, शाई पुसट झालेली. वडील शेजारच्याच खोलीत होते. 'उद्या विचारू' म्हणून वही मिटली. गेल्या ऑगस्टमध्ये ते गेले.

नोकरीत मला कुणी आळशी म्हणणार नाही. ज्या कामाला कुणाचा तगादा नसतो तेच पडून राहतं. माझं मत असं की १ जानेवारीचा संकल्प करावाच. तारीख निमित्तमात्र असते हे खरं, पण निमित्ताशिवाय माझ्यासारखा माणूस हलत नाही. तुमचं काय म्हणणं?

प्रतिसाद १:
वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. मत मात्र अजिबात पटलं नाही. ज्याला करायचंय तो २७ डिसेंबरलाही करतो. तारखेची वाट बघणं हीसुद्धा चालढकलच. त्यात संकल्प चारचौघांत बोलून दाखवला की काम अर्धं झाल्यासारखं वाटतं आणि तिथेच घात होतो. संकल्प नको, शिस्त हवी.

प्रतिसाद २:
असहमत. जॉन नॉरक्रॉस आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अमेरिकेतला अभ्यास बघा. संकल्प केलेल्यांपैकी ४६ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही तो पाळत होते. बदलायची इच्छा होती पण संकल्प केला नव्हता, अशांमध्ये हे प्रमाण होतं ४ टक्के. लोकांनी स्वतःच फोनवर सांगितलेली माहिती आहे, तेव्हा थोडं डावं-उजवं धरा. तरी फरक केवढा आहे! 'संकल्प टिकत नाहीत' हे आपण न तपासता एकमेकांना सांगत आलोय.

प्रतिसाद १:
पण त्या लोकांचे संकल्प कोणते होते? वजन कमी करणं, व्यायाम, सिगारेट सोडणं. संध्याकाळी विचारलं तर हो किंवा नाही असं उत्तर देता येतं. 'आज आळस सोडला का?' याचं उत्तर काय देणार? मुळात संकल्पच चुकीचा मांडलाय.

प्रतिसाद ३:
मला 'आळस' या शब्दावरच बोलायचंय. दोन वर्षं मी स्वतःला आळशी म्हणत होते. सकाळी केस विंचरायला हात वर करायचाही कंटाळा यायचा. घरचेही बोलायचे, मला ते खरं वाटायचं. शेवटी रक्त तपासलं तर थायरॉइड कमी काम करत होतं, हिमोग्लोबिनही उतरलेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत मी पूर्वीसारखी झाले. नैराश्यातही माणूस असाच दिसतो. सगळीच कामं जड वाटू लागली असतील तर संकल्पाआधी डॉक्टरांकडे जा, हात जोडून सांगते. स्वतःला दोष देण्यात माझी दोन वर्षं गेली.

प्रतिसाद १:
ताई, तुमचं बरोबर आहे, आजार असेल तर उपचार हवेतच. पण धागालेखकांची नोकरीतली कामं वेळेवर होतात. तिथे थायरॉइड आड येत नाही ना? प्रत्येक टाळाटाळीला आजाराचं नाव दिलं तर खरे आजारीही झाकले जातील.

प्रतिसाद ४:
दादा, ती वही हातात घेतली की काय वाटतं, हे स्वतःला विचारा. मला तो आळस वाटत नाही. पाचवं पान उघडलं की न विचारलेला तो शब्द समोर येतो, आणि मन तिथून पळतं. काम टाळणं म्हणजे पुष्कळदा त्या कामासोबत येणारी भावना टाळणं असतं. २०१० च्या एका अभ्यासात असं दिसलं की पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी ती कमी केली. म्हणून शिस्तवाल्यांना माझा विरोध आहे. या माणसाला आणखी बोल लावून हात चालणार नाही.

वेळ आणि जागा मात्र ठरवा. 'रात्रीची भांडी आवरली की टेबलाशी बसायचं, एक पान' असं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

धागालेखक:
प्रतिसाद ४ वाचून बराच वेळ बसून राहिलो. खरंय, वही उघडायलाच भीती वाटत होती. प्रतिसाद १ यांचंही एक पटलं, संकल्पातून 'आळस' हा शब्द काढून टाकतोय. रोज एक पान, भांडी आवरल्यावर. तारखेबद्दल मात्र माझं मत तेच आहे.

काल रात्री पाचवं पान झालं. त्या शब्दाच्या जागी कंस टाकून जागा मोकळी सोडली आणि पुढे गेलो.

प्रतिसाद १:
काल ३० डिसेंबर होता. तारखेचा वाद मी इथेच सोडतो. त्या शब्दाचा फोटो टाका, जुनी अक्षरं वाचायची मला सवय आहे.