अंगावरचं सुटल्यावर छातीत काय बदलतं : अनुभव धागा, नाशिक

बाळ अंगावरून सुटलं की तीन प्रश्न हमखास येतात: दूध अजून का येतंय, छाती अशी का झाली, आणि ही गाठ कसली? आपापल्या बाळंतपणाची कहाणी इथे नको. ज्यांच्या हाताखालून रोज अशा बायका जातात, त्यांना बोलावलंय. दिवस, माप, गोळीचं प्रमाण, काय चुकतं आणि का, एवढंच लिहा. बोंडशी, पान्हा, साकळणं हे आपलेच शब्द आहेत, ते वापरायला लाजू नका.

स्तनपान सल्लागार परिचारिका, गंगापूर रोड

सगळं वेगावर आहे. दिवसातून सहा वेळा पाजत असाल तर एक वेळ कमी करा, ३ ते ५ दिवस थांबा, मगच दुसरी वेळ कमी करा. आधी दुपारची सोडा. झोपतानाची आणि पहाटेची शेवटी, कारण बाळ तिथेच सगळ्यात हट्टी असतं. असं करत पूर्ण सुटायला तीन-चार आठवडे लागतात.

कारण साधं आहे. दूध आत साठून राहिलं की दाब वाढतो आणि दूध बनवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. मग त्या पेशी हळूहळू मरतात आणि त्यांच्या जागी पुन्हा चरबी भरते. हे सावकाश झालं तर कळतही नाही. एकदम तोडलं तर दूध साकळतं, छाती दगड होते.

दगड झालीच तर हाताने काढा, पण ताण हलका होईपर्यंतच. दोन-तीन मिनिटं पुरे. पूर्ण रिकामी केलीत तर शरीराला वाटतं, मागणी आहे. त्यानंतर बर्फ सुती फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा. गरम शेक फक्त काढण्याआधी मिनिटभर. नंतर शेकत बसलात तर सूज वाढते. कोबीची पानं फ्रिजमध्ये गार करून, शीर लाटण्याने चेपून ब्रामध्ये ठेवतात. ठेवा, मऊ पडली की बदला. गुण थंडाव्याचा जास्त, कोबीचा कमी, असं माझं मत.

ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला, अंग मोडून आलं आणि छातीवर पाचरीसारखा लाल, दुखरा पट्टा दिसला तर ती नुसती दाटलेली छाती नाही. एका दिवसाच्या आत दाखवा. आणि असा ताप असताना दूध तोडायला घेऊ नका. पाजणं किंवा काढणं चालूच ठेवायचं, नाहीतर तिथे पू धरतो.

बाळंतिणीची मालीश करणाऱ्या काकू, पंचवटी

घट्ट पट्टा बांधायची रीत होती, साडीचा पदर फाडून. मी आता बांधू देत नाही. पट्ट्याची कड जिथं रुतते तिथंच गाठ धरते, बहुतेक काखेकडच्या बाजूला. आधार पाहिजे, आवळणं नको.

बोंडशीला कोरफड लावून पोराला कडू लागू द्यायचं, हे अजून चालतं. पण पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो पाच-दहा मिनिटं उभं धरून निथळू द्या, मग गर धुवा. तो चीक पोटात गेला की पोराला जुलाब. बोंडशी चिरलेली असेल तर कोरफड नको, कडुनिंब नको, काहीच नको. मिरचीचा हात लावणाऱ्या आज्या पण आहेत, त्यांना हात जोडते.

डिंकाचे लाडू, अळीवाची खीर, शतावरी, बाळंतशोपा हे सगळं बंद करा. पोर सुटलं तरी डबा संपेपर्यंत सून खातच राहते. पाणी मात्र कमी करू नका, त्यानं दूध आटत नाही, डोकं धरतं. मोगऱ्याच्या फुलांचं काय, ते डॉक्टरीणबाईंनी सांगावं.

स्त्रीरोगतज्ज्ञ, कॉलेज रोड

काकू, मोगऱ्याचं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. छातीला मोगऱ्याची फुलं बांधल्यावर दूध आणि प्रोलॅक्टिन (दूध बनवायला लावणारं संप्रेरक) दोन्ही कमी झाल्याचा भारतातला अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झालाय. तेव्हा या गुलशनाबादेत (नाशिकचं जुनं नाव), फुलांची ददात नसताना, गजरा बांधून बघायला हरकत नाही. फक्त फवारणीची फुलं धुऊन घ्या, आणि खाज आली तर लगेच काढा.

गोळीबद्दल. चालू असलेलं दूध थांबवायला कॅबर्गोलिन ०.२५ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, दोन दिवस, म्हणजे एकूण १ मिलिग्रॅम. जेवणानंतर घ्यायची. उठताना चक्कर येते, मळमळतं. गरोदरपणात बीपी वाढलेलं असेल, हृदयाच्या झडपांचा त्रास असेल किंवा गंभीर मानसिक आजार होऊन गेला असेल, तर ही गोळी नाही. म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका. सावकाश सोडवणाऱ्या बहुतेकींना ती लागतही नाही.

दूध किती दिवस येतं? दाबल्यावर थेंब यायला काही महिने हरकत नाही, काहींना वर्षभरही येतो. रोज दाबून बघणं हेच त्याचं एक कारण, कारण बोंडशी चोळली की प्रोलॅक्टिन वाढतं. बघणं थांबवा. पण पाजणं बंद होऊन सहा महिने झाले आणि दोन्हीकडून आपोआप दूध गळतंय, ब्लाउज ओला होतोय, पाळी चुकतेय, तर आधी गरोदरपणाची तपासणी, मग प्रोलॅक्टिन आणि थायरॉइड.

त्याही आधी घरातला गोळ्यांचा डबा उघडा. ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा. महिनोन्महिने रिकाम्यापोटी ती कॅप्सूल घेणाऱ्या बाईला दूध येऊ शकतं.

पाळी आली नाही म्हणून दिवस जाणार नाहीत, हा भरवसा बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आणि फक्त अंगावरच असेपर्यंतचा. सोडवायला घेतलंत तेव्हाच तो संपला.

आशाताई, दिंडोरी

शहरातल्या ताईंनी तीन-चार आठवडे सांगितले. आमच्याकडे द्राक्षाची खुडणी लागली की सकाळी सातला गाडी येते आणि दूध एका दिवसात तुटतं. तेव्हा निदान एवढं करा. जेवणाच्या सुट्टीत दोन्ही बाजूंचं दोन-दोन मिनिटं हाताने काढा. बागेत फवारणी असते, आधी हात साबणाने धुवा. अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या वर्तुळाच्या कडेपासून थोडं मागे. आधी बरगडीकडे दाबायचं, मग बोटं जवळ आणायची, सोडायची. कातडीवरून बोटं घसरवायची नाहीत, बोंडशी ओढायची नाही. ओढली की चिरते आणि थेंबही येत नाही. रात्री घरी आल्यावर बाळाला पाजलं तरी चालतं, दूध 'नासत' नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दुपारचं काढणं आपोआप कमी होतं.

वाचक, सिडको

पाजल्यामुळेच छाती ओघळते ना? सासूबाई, जाऊबाई, सगळ्या हेच म्हणतात.

फिजिओथेरपिस्ट, इंदिरानगर

नाही. फरक गरोदरपणाने पडतो, मग पाजा किंवा पाजू नका. किती बाळंतपणं, वय, वजन, आधीचा आकार आणि धूम्रपान, यांवर ओघळणं ठरतं. पाजण्याचे महिने वाढले म्हणून ते वाढत नाही. गरोदरपणात आतले आधाराचे तंतू आणि कातडी ताणली जाते. सुटल्यावर दुधाच्या पेशी गेल्या, चरबी अजून भरली नाही, म्हणून पहिले काही महिने वरचा भाग रिकाम्या पिशवीसारखा वाटतो. सहाएक महिन्यांत बराचसा भरतो, सगळा नाही.

व्यायामाने स्तन वर चढत नाही, त्यात स्नायूच नाही. पण खालचा छातीचा स्नायू आणि पाठ सुधारते. पाजून पाजून खांदे पुढे आलेले असतात, त्यामुळे आहे त्यापेक्षा जास्त ओघळलेलं दिसतं. ओट्याच्या कडेला हात टेकून पुशअप, १० चे तीन फेरे. खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून कोपर मागे ओढणं, १२ चे तीन. आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवडे. गोल्फ क्लब मैदानावर पळायला जाणाऱ्यांनी आधी चांगली स्पोर्ट्स ब्रा घ्यावी. वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वेगाने उतरवलंत तर पिशवी आणखी सैल. 'घट्ट करणारी' तेलं कातडीला ओलावा देतात, बाकी काही नाही. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर दूध बंद होऊन किमान सहा महिने आणि पुढचं बाळंतपण नको हे ठरल्यावरच.

अंतर्वस्त्रांच्या दुकानातल्या ताई, मेन रोड

नव्वद टक्के बायका पाजण्याआधीचा नंबर सांगतात. तो आता गेला. पहिले तीन महिने दोनच साध्या, तारेविना, होजिअरीच्या घ्या, महागाच्या सहाची खरेदी नंतर. दूध असेपर्यंत तार नको, तिच्या खाली दूध अडतं.

माप असं घ्या. श्वास सोडून स्तनाखाली टेप, आडवी, पाठीत वर न चढलेली, कातडीला टेकलेली. समजा २९ इंच आलं. आकडा विषम असेल तर ५ मिळवा, सम असेल तर ४. म्हणजे ३४. मग कमरेतून पुढे वाकून सगळ्यात भरीव जागेवरून माप घ्या. वाकायचं कशासाठी? सुटलेली छाती उभ्याने मोजली की खालीच राहते आणि कप एक नंबर लहान येतो. समजा ३६ आलं. फरक २ इंच, म्हणजे बी. १ ए, ३ सी, ४ डी. हा जुना हिशेब सुरुवातीपुरता, कंपनीगणिक तक्ता वेगळा, म्हणून घालून बघणं आलंच.

नवी ब्रा नेहमी सगळ्यात बाहेरच्या हुकाला बसली पाहिजे, आतले हुक ती सैल होईल तेव्हासाठी. पाठीच्या पट्टीखाली दोन बोटं जातात, मूठ जात नाही. हात वर करा. पाठीची पट्टी वर चढली तर घेर मोठा, खांद्याची पट्टी आवळून उपयोग नाही, नुसते वळ उठतात. ३६ बी घेरात सैल आणि कपात बरोबर वाटली तर ३४ सी मागा, कप तेवढाच असतो. वर कप रिकामा राहून चुरगळतोय, ही सुटलेल्यांची नेहमीची तक्रार. त्यांना पूर्ण कप न देता वरून आडवी कापलेली अर्ध्या कपाची द्या. एक बाजू लहान झाली असेल तर माप मोठ्या बाजूचं, लहान बाजूला काढता येणारा पॅड. बोंडशी हुळहुळत असेल तर मध्ये शिवण नसलेला कप.

त्वचारोगतज्ज्ञ, नाशिकरोड

काळं वर्तुळ फिकं होतं, पूर्वीइतकं होईलच असं नाही. त्यावरचे बारीक दाणे तेलाच्या ग्रंथी आहेत, दाबू नका. थोडी लांबलेली बोंडशी तशी राहू शकते, आजार नाही. थंडीत बोंडशी पांढरी, मग निळी, मग लाल होऊन ठणकत असेल तर रक्तवाहिन्या आकसतायत. गार पाण्याची आंघोळ टाळा, लोकरीखाली सुती अस्तर ठेवा.

ओघळलेल्या छातीखालच्या घडीत घाम राहून लाल, ओलसर चट्टा येतो. आधी पुसून कोरडं करा, मग क्लोट्रिमॅझोल (बुरशीवरचं मलम) दिवसातून दोनदा, दोन ते तीन आठवडे. 'सगळ्यावर चालणारं' तिहेरी मलम नको. त्यातलं स्टेरॉइड दोन दिवस बरं वाटवतं आणि बुरशी पसरवतं.

एकाच बोंडशीवर खरूज, पापुद्रे, ओल, आणि मलमाने दोन आठवड्यांत हटत नाही? मलम बदलू नका, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करा.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टर, शालिमार

सुटल्यानंतरच्या गाठींत दूध साठलेली गाठ खूप दिसते. गुळगुळीत, सरकणारी, सुई घातली की दूध येतं आणि ती बसते. दुसरी फसवी: बाळंतपणानंतर काही वर्षांत येणारी दाह-गाठ. टणक, लाल, फुटून वाहणारी, कर्करोग किंवा क्षयासारखी दिसते. तिला नुसता चिरा देत राहिलं तर पुन्हा पुन्हा भरते. आधी तुकडा काढून तपासा.

वाट बघू नका अशा खुणा: एकाच छिद्रातून आपोआप येणारं रक्त, नव्याने आत ओढली गेलेली बोंडशी, संत्र्याच्या सालीसारखी कातडी, काखेतली गाठ, न हलणारी टणक गाठ. पाजण्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो हे खरं. २००२ साली ३० देशांतल्या ४७ अभ्यासांच्या हिशेबात दर १२ महिन्यांमागे ४.३ टक्के कमी निघाला. पण बाळंतपणानंतरची काही वर्षं धोका उलट थोडा वाढलेला असतो. 'मी तर दोन वर्षं पाजलं' म्हणून गाठ टाळू नका.

घरी बघायचं तर पाळी सुरू झाल्यापासून पाचव्या ते सातव्या दिवशी, आंघोळीत, साबणाच्या हाताने. मधल्या तीन बोटांचे पेर, टोकं नव्हे. नाण्याएवढी वर्तुळं, हलकं-मध्यम-खोल दाबून, गळपट्टीच्या हाडापासून छातीच्या खालच्या घडीपर्यंत उभ्या ओळी, काख धरून. पहिले दोन-तीन महिने सगळंच गुठळीदार लागतं, म्हणून घाबरू नका. पण एक गुठळी दोन पाळ्यांनंतरही तिथेच असेल तर या. चाळिशीच्या आत सोनोग्राफी आधी, नंतर मॅमोग्राफीही. मॅमोग्राफीला येताना काखेत पावडर किंवा डिओ नको, फिल्मवर पांढरे ठिपके येतात. आणि शेवटचं पाजल्याची तारीख लिहून आणा. ती कोणी सांगत नाही, आणि फिल्म वाचताना पहिली तीच लागते.