कोयना खोऱ्यातील छायाचित्रमाला: पाण्याचा जोर आणि माणसाची सत्ता एकत्र कशी दाखवावी?

दगडफूल (प्रश्न)

नमस्कार. येत्या पावसाळ्यात कोयना खोऱ्यावर एक छायाचित्रमाला करण्याचा माझा विचार आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस, त्याने भरणारा शिवसागर जलाशय, आणि ते पाणी अडवून त्याच्यापासून वीज काढणारी माणसाची ताकद, असा तिचा विषय आहे. कोयना धरणाच्या सहा वक्र दरवाजांमधून विसर्ग सुरू झाला की वर्तमानपत्रांत आणि समाजमाध्यमांवर त्याची असंख्य चित्रे येतात. मात्र ती पाहताना पाणी किती जोराचे आहे आणि भिंत किती मोठी आहे, यांपैकी काहीच उमगत नाही असे मला वाटते. १०३ मीटर उंचीची भिंत एखाद्या गावबंधाऱ्यासारखी दिसते आणि पाणी म्हणजे नुसता पांढरा पट्टा होऊन बसतो.

शटरचा वेग किती ठेवावा, मोठेपणाचा अंदाज चित्रात कसा आणावा, आणि परवानगीशिवाय कुठून छायाचित्रे घेता येतात, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. मालेच्या एकूण रचनेविषयीही सूचना हव्या आहेत.

वाशिष्ठीकाठ

आपण रचनेविषयी शेवटी विचारले आहे, परंतु मला उत्तर तिथूनच सुरू करावेसे वाटते, कारण शटरचा वेगसुद्धा त्यावरच ठरेल.

दरवाजांतून कोसळणारे पाणी हे धरणाच्या सामर्थ्याचे चित्र आहे असे आपण सगळेच गृहीत धरतो. प्रत्यक्षात सांडव्यावरून जाणारे पाणी म्हणजे जलाशयात ठेवता न आलेले पाणी होय. पाणलोटात पाऊस थांबत नाही, १०५ टीएमसीचा (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी) जलाशय भरत आलेला असतो, आणि मग दरवाजे उचलून नदीची वाट मोकळी करावी लागते. तेव्हा ते चित्र निसर्गाच्या जोराचे आहे. माणसाने तिथे केलेले काम एवढेच की त्या जोराला केव्हा आणि किती सोडायचे हे ठरवले. सुरुवातीला पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट पाणी) सोडले जातात आणि पाऊस वाढला की दरवाजे फूट-दीड फूट उचलून विसर्ग कित्येक पटींनी वाढवला जातो. ५०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख लिटर पाणी. चित्राखाली त्या दिवसाचा हा आकडा लिहिलाच पाहिजे, नाहीतर पाहणाऱ्याला एका दिवसाचा विसर्ग दुसऱ्या दिवसासारखाच वाटेल.

माणसाची खरी सत्ता भिंतीच्या दुसऱ्या अंगाला, पश्चिमेकडे आहे. कोयना महाबळेश्वरी उगम पावते, दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचे पाणी मुळात बंगालच्या उपसागराचे. त्यातले वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीपर्यंत पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेले जाते, पोफळीला सुमारे ४७५ मीटर खाली सोडून त्यावर जनित्रे फिरवली जातात, कोळकेवाडीला ते पुन्हा अडवले जाते, आणि तिथून निघालेले अवजल वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला जाते. एका नदीचा समुद्र बदलण्याचे हे काम १,९६० मेगावॅट क्षमतेच्या प्रकल्पाचे मूळ आहे आणि त्यातले जवळजवळ सगळे जमिनीखाली घडते. १९९९ आणि २०१२ साली जलाशयाच्या तळाशी स्फोट करून बोगद्याचे तोंड उघडले गेले, तेव्हाही वर पाण्याच्या पृष्ठभागावर दिसण्याजोगे थोडेच होते.

न दिसणारी गोष्ट छायाचित्रात आणायची असेल, तर तिचे परिणाम शोधावे लागतात. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रांत धोंडे उघडे पडतात, त्याच दिवसांत पोफळी-अलोऱ्याच्या खाली वाशिष्ठी वाहत असते, आणि विजेच्या मागणीनुसार जनित्रे चालू-बंद होतात तशी तिची पातळी चढते-उतरते. एकाच दगडावर, एकाच जागेवरून, सकाळी आणि रात्रीच्या विजेच्या मागणीच्या वेळी घेतलेली दोन चित्रे माणसाच्या सत्तेविषयी जे सांगतील, ते सांडव्याचे चित्र सांगू शकणार नाही. कुंभार्ली घाटातून दिसणारे विजेचे मनोरे आणि दरीतून वर चढणाऱ्या तारा हाही त्याच गोष्टीचा दृश्य भाग आहे.

म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी की माला केवळ पावसाळ्यात करू नये. अर्धी चित्रे मे महिन्यात घ्यावीत, आणि कराडच्या प्रीतिसंगमापासून दाभोळपर्यंत पाण्याच्या दोन्ही वाटांनी जावे.

कातळधार

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. तांत्रिक बाजू मी मांडतो.

पडत्या पाण्यासाठी तिवई लावून एक सेकंद किंवा त्याहून अधिक काळ शटर उघडे ठेवण्याची पद्धत इतकी रूढ झाली आहे की ती न विचारता वापरली जाते. त्याने पाणी रेशमासारखे मऊ दिसते, आणि ज्या पाण्याच्या आवाजाने शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही त्याचे सगळे वजन निघून जाते. याउलट १/१००० सेकंदाला प्रत्येक थेंब गोठतो, पण वाहण्याची दिशा हरवते. नवज्याजवळच्या ओझर्डे धबधब्यासाठी किंवा सांडव्यासाठी १/३० ते १/१२५ च्या दरम्यानचा वेग मला योग्य वाटतो. त्यात पाण्याच्या मुख्य लोटाला ओढ दिसते आणि कडेचे तुषार बऱ्याच अंशी सुटे राहतात. दूरच्या अंतरावरून लोट चित्रात लहान दिसत असेल तर वेग आणखी कमी करावा लागतो, कारण पाणी चौकटीत कमी अंतर कापते.

मोठेपणाचा प्रश्न अंतराचा आहे. आपण माणसाजवळ उभे राहून विस्तृत कोनाच्या भिंगाने चित्र घेतले की माणूस मोठा होतो आणि मागची भिंत आकसते. तोच माणूस आणि तीच भिंत आपण पुष्कळ दूर जाऊन २०० किंवा ३०० मिलिमीटरच्या भिंगाने टिपली, तर दोघांचे परस्परप्रमाण खऱ्याच्या जवळ येते. तेव्हा जागा अशी शोधावी की भिंतीच्या जवळचा रस्ता, एखादे वाहन, छत्री घेतलेला माणूस किंवा दिव्याचा खांब त्याच चौकटीत येईल.

या संदर्भात मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे छायाचित्र अवश्य अभ्यासावे. २३ नोव्हेंबर १९३६ रोजी निघालेल्या ‘लाइफ’ नियतकालिकाच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या फोर्ट पेक धरणाचे म्हणून जे चित्र आहे, त्यात काँक्रीटचे प्रचंड खांब एखाद्या किल्ल्याच्या बुरुजांसारखे उभे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी दोन माणसे जेमतेम दिसतात. ती दोन माणसे झाकून पाहा. चित्राचा सगळा दरारा ओसरतो. वाशिष्ठीकाठ यांच्या मुद्द्याला पुष्टी देणारी गोष्ट अशी की ते खांब धरणाचे नाहीत, धरणापासून काही मैलांवर बांधलेल्या सांडव्याचे आहेत. फोर्ट पेकचे मूळ धरण मातीचे, लांबलचक आणि बसकट आहे. सत्तेची प्रतिमा म्हणून जगाला धरणाची भिंत न दाखवता सांडवा दाखवावा लागला, हे मला फार बोलके वाटते.

पावसाळी प्रकाशात मोजमापाची विशेष काळजी घ्यावी. चौकट फेसाने व धुक्याने भरलेली असेल तर कॅमेरा त्या पांढऱ्याला राखाडी करतो, म्हणून प्रकाशमान (एक्स्पोजर) दोन-तृतीयांश ते एक पायरी (स्टॉप) वाढवावे लागते. आणि ओल्या, काळ्या काँक्रीटचा भाग जास्त असेल तर तोच फेस पूर्ण पांढरा होऊन त्यातले तपशील नाहीसे होतात, म्हणून तिथे कमी करावे लागते. प्रत्येक वेळी कॅमेऱ्यातला प्रकाशाचा आलेख (हिस्टोग्राम) पाहावा आणि चित्र कच्च्या (रॉ) स्वरूपातच साठवावे. ध्रुवीकरण करणारा फिल्टर ओल्या दगडावरची चकाकी कमी करतो आणि कातळाचा खरा रंग दिसू लागतो. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर भिंगावर बाष्प धरते, त्यामुळे घाट चढतानाच ती यंत्रणा बंद करावी.

परवानगीविषयी स्पष्ट सांगतो. धरणाची भिंत, दरवाजे व वीजगृह हा प्रतिबंधित परिसर आहे आणि तिथे लेखी परवानगीशिवाय कॅमेरा काढू नये. ड्रोनचा विचार तर संबंधित विभागाची आणि पोलिसांची परवानगी हाती असल्याशिवाय मनातही आणू नये. कोयनानगरच्या नेहरू उद्यानातून भिंतीचे चांगले दर्शन होते आणि लांब भिंगासाठी ते अंतर उपयोगीच पडते. विसर्गाच्या काळात नदीपात्रात उतरणे सर्वथा टाळावे. भोंगा वाजल्यानंतर पाणी वाढायला फार वेळ लागत नाही.

सांगेकर

मी गोव्यातून लिहिते आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांत पाणी आणि यंत्रे आहेत, परंतु ज्यांच्यावर ही सत्ता प्रत्यक्ष चालली ती माणसे अजून आलेली नाहीत, म्हणून हा प्रतिसाद.

आमच्या सांगे तालुक्यातले कुर्डी गाव साळावली धरणाखाली गेले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे मूळ गाव. १९८०च्या दशकात तिथली कुटुंबे वाडे आणि वालकिणी येथे वसवण्यात आली. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरले की गाव वर येते, घरांची जोती, वाटा, झाडांचे बुंधे दिसू लागतात, आणि मूळचे गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी एकत्र जमतात. तिथे छायाचित्रे काढायला हल्ली बरेच लोक येतात आणि बहुतेकांना भेगाळलेली जमीन व वठलेले बुंधे हवे असतात. ती चित्रे देखणी असतात, पण त्यांतून असे वाटते की हे गाव काळाच्या ओघात आपोआप ओसाड झाले. जोत्यावर उभे राहून आपल्या घराचा दरवाजा कुठे होता ते नातवाला दाखवणारी म्हातारी त्या चौकटीत आली, की गाव कोणत्या निर्णयाने पाण्याखाली गेले हा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच.

कोयनेतही हेच करता येईल. शिवसागराखाली गेलेल्या गावांतली कुटुंबे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली आणि त्यांतल्या अनेकांचा पुनर्वसनाचा लढा पुढच्या पिढ्यांपर्यंत चालत आला आहे. तापोळा-बामणोलीकडे जलाशयाच्या काठच्या गावांना आजही लाँचने ये-जा करावी लागते. पूर्वी चालत जाण्याची वाट जिथे होती, तिथे आता लाँचची वाट पाहणारी माणसे बसलेली असतात. हे चित्र परवानगी न लागणारे आहे, मात्र ज्यांचे चित्र घ्यायचे त्यांना आधी विचारावे, नाव छापायचे की नाही तेही विचारावे, आणि छापलेली प्रत त्यांच्या हातात पोहोचवावी.

दगडफूल

सर्वांचा आभारी आहे. मे महिन्यापासून सुरुवात करण्याचे ठरवले आहे. दोन शंका उरतात. १९६७च्या भूकंपाला मालेत जागा द्यावी असे वाटते, पण त्याचे आज काय दिसते? आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला आलेला महापूर यात घ्यावा का?

वाशिष्ठीकाठ

भूकंप भिंतीवरच दिसतो. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या त्या धक्क्याने सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि भिंतीच्या वरच्या भागात, जिथे तिची जाडी एकदम कमी होते तिथे, आडव्या भेगा पडल्या. नंतर सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या भागाला खालच्या अंगाने काँक्रीटचे भक्कम टेकू देऊन ती मजबूत केली गेली. उद्यानातून लांब भिंगाने हे टेकू पाहता येतात. जलाशयातल्या पाण्यामुळे भूकंप होण्याचे जगातले अत्यंत अभ्यासलेले उदाहरण म्हणून कोयनेचे नाव घेतले जाते, म्हणजे माणसाने साठवलेल्या पाण्यानेच जमिनीखालचा जोर मोकळा केला आणि त्यापायी माणसाला आपली भिंत पुन्हा बांधून काढावी लागली. आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू एका चौकटीत येण्याची ही एकमेव जागा आहे. ढगाळ दिवसाचा सपाट प्रकाश तिथे टाळावा, तिरप्या उन्हात टेकूंच्या सावल्या पडल्या तरच ते भिंतीपासून वेगळे उठून दिसतील.

महापुराविषयी मी चिपळूणचा रहिवासी म्हणून बोलतो. तो अवश्य घ्यावा, पण कोळकेवाडी धरणाच्या चित्राशेजारी पुराचे चित्र लावू नये. पुरानंतर कोळकेवाडीतून सोडलेल्या पाण्यावरून मोठा वाद झाला. त्या दिवशी अतिवृष्टी होती, खाडीला भरती होती, नदीपात्रात गाळ होता. यांतल्या कशाचा वाटा किती, हे दोन चित्रे शेजारी ठेवून ठरत नाही, परंतु पाहणारा मात्र निकाल घेऊनच उठतो. त्याऐवजी बाजारपेठेतल्या भिंतींवर लोकांनी करून ठेवलेल्या पुराच्या खुणा टिपाव्यात. काही ठिकाणी २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या खुणा एकाच भिंतीवर आहेत. दुकानदाराला त्या खुणेशेजारी उभे राहायला सांगावे, कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवावा, आणि चित्राखाली फक्त तारीख व पाण्याची उंची लिहावी.