मदत हवी आहे: झोपेची तक्रार नाही, तरी मेलाटोनिन द्यावं का? (अर्धशिशी, रक्तदाब, साखर)

धागाकर्ती: सायली_क

प्रश्न आईसाठी आहे. वय ५८, झोप व्यवस्थित. अर्धशिशी महिन्यातून ७-८ दिवस. रक्तदाबासाठी निफेडिपिनची सावकाश विरघळणारी ३० मि.ग्रॅ.ची गोळी रोज सकाळी, दाब १३०/८०च्या आसपास. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, साखरेसाठी औषध नाही. रात्रीचं जेवण साडेनऊला, साडेदहाला आडवी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी मेलाटोनिनच्या (रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) १० मि.ग्रॅ. गमीची (चघळायच्या गोळ्यांची) बाटली पाठवली आहे. डोकेदुखी, बीपी, शुगर, पित्त, सगळ्यावर चालतं म्हणे. झोपेपलीकडचे हे फायदे कितपत खरे? आणि या केसमध्ये द्यावं का? डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण नेमकं काय विचारायचं ते कळलं तर बरं.

निशाचर_घुबड

तूर्त बाटलीचं झाकण उघडू नका. तुम्ही दिलेल्या माहितीत सगळ्यात महत्त्वाचा शब्द निफेडिपिन आहे.

मेलाटोनिनने रक्तदाब उतरतो हे अर्धंच खरं. २-३ मि.ग्रॅ.ची सावकाश विरघळणारी गोळी घेतली तर रात्रीचा वरचा दाब सरासरी ६ अंकांनी उतरल्याचं चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं. पटकन विरघळणाऱ्या गोळीने तसा फरक पडला नाही. कारण सोपं आहे: मेलाटोनिन रक्तात आलं की पाऊण-एक तासात निम्मं होतं, त्यामुळे साध्या गोळीचा भर रात्रभर टिकत नाही. पण निफेडिपिनवर दाब ताब्यात असलेल्या ४७ जणांना रात्री ५ मि.ग्रॅ. मेलाटोनिन दिलं, तेव्हा चक्क उलट झालं. दिवसभराचा सरासरी वरचा दाब साडेसहा अंकांनी आणि खालचा जवळपास ५ अंकांनी चढला, नाडीही वाढली. तेव्हा बीपीसाठी हा विचार सोडा.

साखरेचंही तसंच. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर मेलाटोनिन ओळखणारे रिसेप्टर असतात, आणि ते जागे झाले की इन्सुलिन कमी सुटतं. शरीर रात्रीच्या उपासाची तयारी करतं म्हणा ना. अडचण होते ती पोटात भात-पोळी असताना मेलाटोनिन चढलं की. स्पेनमध्ये ८४५ जणांवर झालेल्या प्रयोगात झोपेच्या तासभर आधी साखरेचं पाणी दिलं, तेव्हा अंगातलं मेलाटोनिन ४ तास आधी दिलं तेव्हापेक्षा साडेतीन पट होतं. इन्सुलिन कमी सुटलं, साखर जास्त चढली. ते तर शरीराचं स्वतःचं, मायक्रोग्रॅममधलं मेलाटोनिन. साडेनऊच्या जेवणावर १० मि.ग्रॅ. टाकल्यावर काय होईल याचा अंदाज करा. ६.१ असताना गोळीपेक्षा जेवण साडेसातला आणणं जास्त कामाचं.

आता अर्धशिशी. इथे खरोखर दम आहे. ब्राझीलमध्ये १९६ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली: रात्री मेलाटोनिन ३ मि.ग्रॅ., किंवा अमिट्रिप्टिलिन (अर्धशिशी टाळायला देतात ते औषध) २५ मि.ग्रॅ., किंवा औषध नसलेली नुसती साखरगोळी. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलेले लोक अनुक्रमे ५४, ३९ आणि २० टक्के. मेलाटोनिनवर सुस्ती आणि वजनवाढीचा त्रासही अमिट्रिप्टिलिनपेक्षा कमी. मात्र नॉर्वेतल्या छोट्या चाचणीत २ मि.ग्रॅ.ची सावकाश विरघळणारी गोळी ८ आठवडे देऊन साखरगोळीपेक्षा काही वेगळं घडलं नाही. म्हणजे बीपीला जो प्रकार लागतो, तो डोक्याला चालत नाही असं दिसतं. 'सगळ्यावर चालतं' म्हणणाऱ्यांना हे सांगा.

खलबत्ता

गमीबद्दल. अमेरिकेत मेलाटोनिन औषध म्हणून नाही, आहारपूरक म्हणून विकतात. तिथल्या २५ गमी प्रयोगशाळेत तपासल्या, तर २२ मध्ये लेबल आणि आतला माल जुळला नाही. लिहिलेल्याच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत काहीही. एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. कॅनडात आधी ३१ उत्पादनं तपासली होती, त्यातल्या ८ मध्ये सेरोटोनिन (मेंदूवर आणि रक्तवाहिन्यांवर काम करणारं रसायन) सापडलं, जे लेबलवर कुठेच नव्हतं. अर्धशिशीवाल्या माणसाला नकळत सेरोटोनिन, ही काही गंमत नाही.

गमी कापून ३ मि.ग्रॅ. करायच्या भानगडीत पडू नका, आतला पदार्थ सारखा पसरलेला असतोच असं नाही. द्यायचंच ठरलं तर ३ मि.ग्रॅ.ची साधी गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, पक्क्या बिलाने. आणि ती बाटली नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. चॉकलेट समजून खातात.

सायली_क

घुबड, खलबत्ता, दोघांचेही आभार. बीपी आणि साखरेचा विषय संपला. डॉक्टरांनी निफेडिपिन बदलून दुसरं काही दिलं, तर अर्धशिशीसाठी ३ मि.ग्रॅ. करून बघता येईल का? कसं? आणि गोळीऐवजी रोज मूठभर अक्रोड चालतील का?

निशाचर_घुबड

अक्रोडात ग्रॅममागे साधारण साडेतीन नॅनोग्रॅम (मि.ग्रॅ.चा दहा लाखावा भाग) मेलाटोनिन असतं. ३ मि.ग्रॅ. भरायला साडेआठशे किलो लागतील. अक्रोड खा, पण अक्रोड म्हणून.

बीपीची गोळी मेलाटोनिनसाठी बदलून मागू नका. उलट विचारा: 'अर्धशिशी टाळण्यासाठी रोजचं औषध द्यायची वेळ आली आहे का, आणि बीपी व अर्धशिशी दोन्हीला चालेल असं एकच औषध बसेल का?' प्रोप्रॅनोलॉल आणि कँडेसार्टन ही दोन्ही कामं करतात. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल नको, तेवढं आधी सांगा. त्याने भागलं तर मेलाटोनिनची गरजच उरणार नाही.

त्यानंतरही डॉक्टर हो म्हणाले, तर आधी महिनाभर वही ठेवा: डोकेदुखीची तारीख, किती तास, कोणती वेदनाशामक किती. मग ३ मि.ग्रॅ.ची साधी गोळी, रोज रात्री १० ते ११ मध्ये ठरलेल्या वेळी, जेवणानंतर किमान दोन-तीन तासांनी. पहिले दोन आठवडे घरच्या यंत्रावर सकाळ-संध्याकाळ दाब मोजा. १२ आठवड्यांनी वही काढा. ८ दिवसांचे ४ झाले नसतील तर थांबवा. मधेच मात्रा वाढवू नका, जास्त घेतल्याने जास्त गुण येतो असं नाही, सकाळी डोकं मात्र जड होतं. वेदनाशामक महिन्यातून १५ दिवसांवर जात असेल तर आधी तेच कमी करावं लागेल, नाहीतर त्याच गोळ्यांनी डोकं दुखत राहतं आणि कशालाच गुण येत नाही.

खलबत्ता

एक राहिलं. यकृतातलं जे एन्झाइम मेलाटोनिन फोडतं, तेच फ्लूवॉक्सामिन (नैराश्यावरचं औषध) आणि सिप्रोफ्लॉक्सासिन (अँटिबायोटिक) अडवतात. फ्लूवॉक्सामिनने पातळी अनेक पटींनी चढते. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असेल तर रक्तस्रावाची भीती. पोट बिघडलं म्हणून दुकानातून सिप्रो आणायची सवय असेल, तर ते दिवस मेलाटोनिन बंद.

पित्ताचं विचारलं होतंत: छातीतल्या जळजळीवर छोट्या चाचण्या आहेत, पण ओमेप्राझोल (आम्लपित्ताची नेहमीची गोळी) सोडून हे घ्यावं असं त्यात काही नाही. शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी करायला मात्र चांगला पुरावा आहे. तेव्हा भूलतज्ज्ञच देतात, घरून घेऊन जायचं नसतं.

सायली_क

सोमवारी वही आणि दाबाची नोंद घेऊन जातो आहोत. बाटली कपाटात वर, कुलपात.